थंड खोलीतून गेलेली चिप

१

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला हनीफशेठनी थंड खोलीतलं स्टीलचं कपाट उघडलं, निळी डबी बाहेर काढली आणि झाकण वर केलं. आत काळ्या स्पंजचा चौकोन होता. त्यावर असायला हवी होती ती चिप नव्हती.

"लियाकतभाय," ते म्हणाले, "शटर पाड."

लियाकत परकारनं शटर पाडलं. दुबईतल्या रास अल खोरच्या या गोदामात एकतीस वर्षं तो हेच शटर सकाळी वर आणि संध्याकाळी खाली करत आला होता. भर दिवसा, स्वतःला आत ठेवून पाडायची वेळ मात्र आज पहिल्यांदा आली. आणि आज त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस होता.

चिप म्हणजे केवढी, तर चहात बुडवायच्या बिस्किटाएवढी. पण ती ऑस्टर कंपनीच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरची होती आणि अजून बाजारात यायची होती. दुबईच्या बाजारात तेव्हा प्रोसेसर कमी आणि प्रोसेसरच्या बातम्या फार होत्या. अर्धे व्यापारी म्हणत, कारखाने एआयच्या मशिनींसाठी चिपा भाजतायत, आपल्या घरच्या कंप्युटरला नवी चिप पुढच्या उन्हाळ्याशिवाय मिळत नाही. उरलेले अर्धे म्हणत, ऑक्टोबरमध्ये ढीग लागेल. कुणालाच काही माहीत नव्हतं, त्यामुळं प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता. सोमवारी कंपनीचा इंजिनीअर येऊन ही चिप व्यापाऱ्यांसमोर चालवून दाखवणार होता. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही, असा करार होता. चिप गेली तर हनीफशेठची एजन्सी गेली.

"खोलीची चावी एकाच माणसाकडं," शेठ म्हणाले. "मी तीनपर्यंत थांबतो. मग पोलीस कंप्लेंट. तोवर कोण बाहेर जाणार नाही."

लियाकतनं घड्याळात पाहिलं. त्याचा पासपोर्ट शेठच्या ड्रॉवरमध्ये होता. संध्याकाळी सहाचं मुंबईचं विमान होतं. उद्या सकाळी मुंबईच्या इस्पितळात त्याच्या बायकोच्या, हमीदाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि तिनं फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "तुमी समोर दिसल्याबगर मी टेबलावर चडायची नाय." एकदा कंप्लेंट झाली की चावीवाला आधी अडकतो. मग आज नाही, उद्या नाही, कधी सुटेल ते अल्ला जाणे.

२

हनीफशेठनी पोलिसांच्या आधी एका म्हाताऱ्याला फोन केला.

राजाभाऊ केतकर हे पुण्याचे, विमा कंपनीचे निवृत्त सर्व्हेअर. सोळा दिवसांपूर्वी मुलीकडं, शारजाच्या अल नहदामध्ये आले होते आणि चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एसीच्या गारठ्यात बसून कंटाळले होते. पंधरा वर्षांपूर्वी हनीफशेठच्या पनवेलच्या गोदामाला आग लागली तेव्हा याच गृहस्थांनी जळालेल्या खोक्यांची राख चिवडून शेठचा क्लेम निम्म्यावर आणला होता. शेठ अजून शिव्या घालत. पण विश्वास टाकायचा म्हटलं की त्यांना हाच माणूस आठवे.

मागचं छोटं दार उघडून लियाकत त्यांना घ्यायला अंगणात गेला. राजाभाऊ टॅक्सीतून उतरले आणि एक पाऊल टाकून जागच्या जागी उभे राहिले. ऑगस्टची दमट हवा होती. त्यांचा चष्मा दुधासारखा पांढरा झाला होता.

"कुणी आहे का?" त्यांनी हवेत हात पुढं केला. "रोजचं आहे हो हे. नात म्हणते, 'इट्स जस्ट कंडेन्सेशन, आजोबा.' म्हटलं, तुला जस्ट. मी इथं आंधळा झालोय!"

लियाकतनं त्यांचा हात धरून आत आणलं. दारात राजाभाऊंनी चष्मा पुसला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, जुम्म्याच्या, शुक्रवारच्या नमाजाची टोपी.

"तुम्ही चावीवाले का? मग माझ्याजवळच बसा. चोर असाल तर डोळ्यांसमोर बरे, नसाल तर उपयोगी पडाल."

तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खोक्याकडं गेलं. लियाकतचं घरी न्यायचं सामान त्यात होतं.

"टेपेचं टोक दुमडलंय का हे?"

"सवय आहे. टोक दुमडलं की उघडणाऱ्याला नखानं खरवडत बसायला नको. हमीदा माझ्या नावानं बोटं मोडत नाही."

राजाभाऊ हसले. लियाकतला हसू आलं नाही.

३

हनीफशेठच्या काचेच्या केबिनमध्ये चौकशी सुरू झाली. पहिला लियाकतच. त्यानं लपवलं काही नाही.

"पावणेनऊला खोली उघडली. अल ऐनच्या एका कॉलेजची ऑर्डर होती, बारा प्रोसेसर. जुन्या मॉडेलचे. ते मोठ्या खोक्यात भरले, खोकं ट्रॉलीवर ठेवलं. तेवढ्यात गेटवर कंटेनर आला. मी धावलो. दार ओढून घेतलं, पण..." तो थांबला. "कुलूप नाही लावलं. पंधरा मिनिटं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, साहेब. डोक्यात हमीदाचं ऑपरेशन होतं."

"आणि कपाट?"

"त्याची किल्ली आत खिळ्यालाच असते. खोली बंद तर कपाटाला कोण विचारतो?"

"आतला कॅमेरा?"

हनीफशेठ खाकरले. तो जूनच्या उकाड्यात बंद पडला होता आणि दुरुस्तीवाला इन्शाल्ला येणार होता.

चिप गोदामाबाहेर गेलेली नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. गेटमधून जाणाऱ्या प्रत्येकाची झडती होई, शेठसुद्धा त्यातून सुटत नसत. सात वर्षांपूर्वी मोबाइल चोरीला गेले तेव्हा हा नियम लियाकतनंच सुरू करायला लावला होता. न तपासता बाहेर जाई तो फक्त पॅक केलेला, कागद लावलेला माल. आणि आज सकाळपासून कुणी गेटबाहेर गेलंच नव्हतं. चौघांचे खिसे, बॅगा, लॉकर सगळं उलटंपालटं करून झालं होतं.

मग फिरदोस आली. महाडची, स्टॉकच्या नोंदी ठेवणारी, मोजकं बोलणारी.

"नऊच्या पुढं मी बाहेर आले तेव्हा ट्रॉली थंड खोलीच्या दाराबाहेर होती. मी खोक्यावर डिलिव्हरीचा कागद चिकटवला. लोडिंगच्या जागेत सिद्धांत होते, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते. दिसत नव्हतं बहुतेक, ट्रॉलीलाच धडकले."

"चावीवाले दिसले?"

"नाही. गेटकडून त्यांचा आवाज येत होता."

तिसरा फरदीन, शेठचा पुतण्या, सेल्समध्ये. त्याच्यावर संशय घ्यायला फार अक्कल लागत नव्हती.

"हो, मी सांगतो व्यापाऱ्यांना नवीन चिप लेट आहे म्हणून! धंदा आहे, अंकल. जुना प्रोसेसर बाराशे दिरहॅमला जात नव्हता, आज सतराशेला हातोहात जातो. सतराशे म्हणजे आपले चाळीस हजार रुपये!"

"म्हणजे सोमवारी नवी चिप लोकांना दिसली की तुमचा भाव पडणार."

फरदीनचा चेहरा उतरला. "म्हणून मी चाचांच्या पोटावर पाय देईन? सकाळी साडेआठपासून मी ऑफिसात फोनवर होतो. कॉल लॉग बघा, यल्ला, चला." त्यानं मोबाइल टेबलावर आपटला. कॉल खरोखरच एकाला एक लागून होते.

शेवटी सिद्धांत आला. ठाण्याचा, तिशीतला, प्रॉडक्ट मॅनेजर. नव्या चिपांबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. लियाकतच्या डब्यातली तिखट मच्छी तो गेली चार वर्षं हक्कानं खात आला होता. आज तो लियाकतकडं बघत नव्हता.

"मला बोलायचं नव्हतं, सर," तो म्हणाला. "नऊ-पाचला मी लोडिंगमधून थंड खोलीत डोकावलो. आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर एकदम फॉग आला. काहीच क्लिअर दिसेना. कपाटापाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. पांढऱ्या कपड्यांत. मला वाटलं लियाकतचाचा असतील, म्हणून मी तसाच मागं फिरलो."

पांढऱ्या कपड्यांत आज गोदामात एकच माणूस होता.

४

लांबच्या मशिदीतून जुम्म्याची अजान झाली. लियाकत उठून शटरपर्यंत गेला आणि परत आला. एकतीस वर्षांत आजारपण सोडलं तर त्याचा जुम्मा चुकला नव्हता. त्यानं लोडिंगच्या कोपऱ्यात पुठ्ठा अंथरला आणि एकट्यानं नमाज पढला. पण चित्त ठिकाणावर नव्हतं. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छत, मध्ये सहाशे खोकी. स्वतःच्या हातानं रचलेल्या गोदामात आपणच कोंडले गेलो, असं त्याला वाटलं आणि त्याला रडू फुटलं.

फोन वाजला. हमीदा.

"निघालात?"

"निघतोच आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं फोनवर खोटं बोलण्यात दोघंही पटाईत झाली होती. तिनं पुढं काही विचारलं नाही.

केबिनमध्ये हनीफशेठचा धीर सुटत चालला होता. "साक्षीदार आहे, केतकर. आणखी काय पायजे? तीनची वाट कशाला बघू?"

"शेठ," सिद्धांत दारातून म्हणाला, "माणसं अडवलीत ते ठीक, पण अल ऐनची गाडी का अडवताय? खोकं सकाळपासून गाडीत पडलंय. कॉलेजची लॅब थांबलीय. सकाळपासून तीनदा सांगतोय."

"जाऊ दे बाबा ती गाडी," शेठ वैतागून म्हणाले. "दोनला सोड. माल जाऊ दे, माणसं नाही."

राजाभाऊ इतका वेळ चष्मा हातात घेऊन काचा निरखत बसले होते. ते उठले. "शेठ, पाच मिनिटं द्या. मला थंड खोली बघायचीय. आणि सगळे माझ्याबरोबर चला. जरा गंमत दाखवतो."

५

लोडिंगच्या जागेत अंगाला चिकटणारा उकाडा होता. राजाभाऊ तिथं घाम येईपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी थंड खोलीचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि मागं वळून सगळ्यांना चष्मा दाखवला.

काचा लख्ख होत्या.

"फिरदोसबाई, तुमच्या ओढणीवर फुलं किती रंगांची?"

"तीन," ती गोंधळून म्हणाली.

"तीन. मला इथून मोजता येतायत." त्यांनी दार लावून घेतलं. सगळे बाहेर थांबले. पाच मिनिटांनी दार उघडलं, राजाभाऊ बाहेर आले आणि त्यांचे डोळे दिसेनासे झाले. काचांवर पांढरं धुकं चढलं होतं. त्यांनी हात पुढं केला आणि या वेळी तो सिद्धांतच्या छातीला लागला.

"कोण हे? सिद्धांत ना? तू सांगितलंस, आत शिरताना चष्म्यावर फॉग आला. थंडीच्या देशात येतो तसा. इथं उलटं असतं, बाळ. तुम्ही लोक इतकी वर्षं राहताय की कुठल्या बाजूला होतं हेही तुमच्या ध्यानात राहत नाही. मी सोळा दिवस रोज आंधळा होतोय, म्हणून मला पाठ आहे. गरम हवेतून आत गेलं तर काही होत नाही. आतल्या गारठ्यात चष्मा गार झाला आणि मग बाहेरच्या दमट हवेत आला, तर पांढरा होतो. आणि चष्मा इतका गार व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. नुसतं डोकावून फिरणाऱ्याचा होत नाही."

"म्हणजे... बाहेर आल्यावर झाला असेल. माझ्या लक्षात..."

"झालाच. फिरदोसबाईंनी बघितलंय तुला पुसताना. म्हणजे तू आत पाच मिनिटं तरी होतास. आणि आत असताना तुला सगळं स्वच्छ दिसत होतं. मग ते पांढरे कपडे कुणी घातले होते, चेहरा सांग."

सिद्धांतच्या कपाळावर घाम आला. उकाड्यात सगळ्यांनाच आला होता, पण त्याचा वेगळा दिसत होता.

"ही सगळी हवेतली गोष्ट झाली," तो म्हणाला. "माझी झडती घेतलीय. चिप कुठाय? दाखवा ना."

हनीफशेठनी राजाभाऊंकडं पाहिलं. राजाभाऊंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. चिप कुठं आहे ते त्यांनाही अजून सापडलं नव्हतं.

बाहेर अंगणात गाडीचं इंजिन सुरू झालं. दोन वाजले होते.

६

इंजिनचा आवाज लियाकतच्या कानात शिरला आणि सकाळपासून डोक्यात अडकलेलं काहीतरी सुटलं.

"शेठ, आज शुक्रवार."

"मग?"

"कॉलेज सरकारी. शुक्रवारी बाराला बंद. आत्ता गाडी निघाली तर साडेतीनला अल ऐन. तिथं माल घ्यायला कोण बसलंय? सोमवारशिवाय कुणी भेटणार नाही." तो सिद्धांतकडं वळला. "आणि ऑर्डर फरदीनची आहे. फरदीननं गाडीचं नाव काढलं नाही. तू तीनदा काढलंस."

एवढं बोलून अठ्ठावन्न वर्षांचा लियाकत मागच्या दारातून पळत सुटला. गाडी गेटपाशी पोचली होती. तो बॉनेटवर हात आपटत पुढं उभा राहिला.

खोकं उतरवून आत आणलं. लियाकत गुडघ्यांवर बसला. टेपेवरून बोट फिरवत टोकापर्यंत आला. टोक सपाट चिकटलेलं होतं.

"फिरदोस, टेप तू लावलीस?"

"मी? नाही चाचा. मी फक्त कागद लावला. टेप लागलेलीच होती. मला वाटलं तुम्ही लावली."

"आणि मला वाटलं तू." त्यानं नखानं टोक खरवडायला घेतलं. टोक सुटेना. शेवटी फरदीननं चावीनं टेप फाडली.

बारा डबे होते. लियाकतनं ते एकेक करून बाहेर ठेवले. तळाशी पुठ्ठ्याच्या घडीत टिश्यू पेपरची पुरचुंडी होती. शेठनी ती उघडली. बिस्किटाएवढी चिप आत चकाकत होती.

सिद्धांत भिंतीला टेकून खाली बसला.

त्याची गोष्ट ऐकायला वेळ लागला नाही. इंटरनेटवर टोपणनावानं तो येणाऱ्या चिपांची भाकितं सांगायचा. पस्तीस हजार लोक वाचत. नवी चिप ऑक्टोबरमध्येच येणार आणि तुटवडा ही हूल आहे, असं त्यानं जाहीर केलं होतं. गेले दोन महिने लोक त्याला थापाड्या म्हणत होते. अल ऐनच्या मित्राकडं या चिपेला चालणारा मदरबोर्ड होता. आज सकाळी थंड खोलीचं दार उघडं दिसलं आणि त्यानं बेत रचला. ड्रायव्हरनं खोकं मित्राकडं ठेवायचं, शनिवार-रविवार चिप चालवून आकडे काढायचे, ते टोपणनावानं लोकांना दाखवायचे, आणि सोमवारी सकाळी तयारीसाठी खोली उघडली की इंजिनीअर यायच्या आत ती डबीत परत. शेठ शुक्रवारीच डबी उघडतील हे त्याच्या गणितात नव्हतं.

"मी चोरली नव्हती," तो रडत म्हणाला. "परत ठेवणार होतो. सोमवारी सगळं जागच्या जागी असतं."

"आणि ते पांढरे कपडे?" लियाकतनं विचारलं. "ते पण सोमवारी परत ठेवणार होतास?"



७

हनीफशेठचा हात फोनकडं गेला. "आता हा जातो आत. हरामखोर!"

"फोन करा," राजाभाऊ म्हणाले. "पण जबाब आधी चावीवाल्याचा लागेल. आज, उद्या, बोलावतील तेव्हा. मग सहाचं विमान विसरायचं."

सुटका झाली म्हणेपर्यंत दार पुन्हा लागत होतं. घड्याळात दोन पंचवीस. शेठ फोन हातात धरून उभे होते. मग त्यांनी लियाकतकडं पाहिलं. "तू सांग."

लियाकतला सिद्धांतची दया आली नाही. खरं सांगायचं तर त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं. चार वर्षांची मच्छी त्याच्या घशाशी आली होती.

"तुम्ही त्याचं काय करायचं ते करा. मला पोलीस नको, जबाब नको. माझा पासपोर्ट द्या."

शेठनी फोन खाली ठेवला. "तुझा व्हिसा कॅन्सल," ते सिद्धांतला म्हणाले. "खलास." मग ड्रॉवर उघडून पासपोर्ट आणला. "लियाकतभाय, मनात काय ठेवू नको. चावी तुझ्याकडंच होती, म्हणून माझं..."

"हो," लियाकत म्हणाला. "माझ्याकडंच होती. एकतीस वर्षं."

फरदीननं गाडी गेटपाशी लावली आणि हॉर्न दिला. लियाकत खोकं घेऊन निघाला. गेटवरचा वॉचमन झडतीच्या टेबलामागून उठला आणि अदबीनं बाजूला झाला.

"जाओ चाचा, आपकी क्या तलाशी!"

"जाऊ दे, जाऊ दे त्याला," शेठ मागून म्हणाले.

लियाकत थांबला. त्यानं खोकं टेबलावर ठेवलं. टेपेचं दुमडलेलं टोक धरून ओढलं. एका ओढीत खोकं उघडलं. आत खजूर, हमीदासाठी शाल, नातवाच्या चपला, बदामाची पाकिटं. मग त्यानं कुर्त्याचे दोन्ही खिसे उलटे केले. पासपोर्ट, तिकीट, तसबीची माळ, रुमाल, हमीदाचे रिपोर्ट.

"बघ नीट," तो वॉचमनला म्हणाला. "शेठना पण दाखव."

वॉचमननं शेठकडं पाहिलं. शेठ पुढं आले. त्यांना बघावं लागलं. त्यांनी शाल पाहिली, चपला पाहिल्या, उलटे लोंबणारे खिसे पाहिले. राजाभाऊ दारात उभे होते आणि त्यांचा चष्मा पुन्हा पांढरा झाला होता. त्यांनी तो पुसला नाही.

लियाकतनं सामान आत भरलं, टेप लावली, टोक दुमडलं. मग आतल्या खिशातून थंड खोलीची चावी काढून टेबलावर ठेवली.

"ही राहिली होती."

फोन वाजला. त्यानं चालता चालता कानाला लावला.

"निघालात?" हमीदानं विचारलं.

"निघालो," तो म्हणाला, आणि तिला पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

गाडी रस्त्याला लागली तरी चावी टेबलावरच होती. ती उचलायला हनीफशेठचा हात पुढं होत नव्हता.